पालथी वाटी

सर कोणाकडे जेवायला गेले, की पान मांडून होताच ताटातली रिकामी वाटी उचलून पालथी करून पाहत. बूड पाहत, कड पाहत, नखाने आतला पत्रा हलकेच खरवडून पाहत आणि मनाची खात्री पटली, तर ती सरळ करून जागेवर ठेवीत. खात्री पटली नाही, तर झोळीतून स्वतःची स्टीलची वाटी काढीत. यजमानाच्या चेहऱ्यावर काय उमटते आहे, याकडे त्यांचे लक्ष नसे. वाराणसीतल्या मराठी घरांतल्या काही बायका तर त्यांच्या पानात वाटी आधीच पालथी घालून ठेवू लागल्या होत्या.

मी लिहिणारी बाई नव्हे. पन्नाशीला टेकल्यावर पहिल्यांदा काही लिहायला बसले आहे आणि शाळेतल्या निबंधासारखा मनातल्या मनात समास आखते आहे. सरांविषयी लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की पतीची बँकेतली बदली वाराणसीला झाली, त्या काही वर्षांत मी त्यांच्या हाताखाली काम केले. त्यांचे नाव मी लिहिणार नाही. लिहिले, तर तेच म्हणतील, "नाव कशाला? वजन लिहा, वय लिहा, सवेरपासून काय खाल्लं ते लिहा. माणूस तेवढ्यानं ओळखू येतो."

"सवेरपासून काय खाल्लंत?" हा त्यांचा नमस्कार होता. त्यांच्या घराण्याच्या चार पिढ्या काशीत गेलेल्या. त्यामुळे त्यांची मराठी भाषा घरात जपलेली, पण हिंदीच्या पाण्यात मुरलेली. नावाडी असो, भटजी असो, विद्यापीठातले कुलगुरू असोत, सर हाच प्रश्न विचारीत आणि उत्तर मन लावून ऐकत. "काही विशेष नाही" हे उत्तर त्यांना चालत नसे. "विशेष मी विचारलंच नाही," ते म्हणत, "जे खाल्लं ते सांगा."

माझीही पहिली ओळख याच प्रश्नाने झाली. रामघाटावर एका शास्त्रीबुवांच्या घरी चैत्रातले हळदीकुंकू होते. शास्त्रीबुवा वेदपाठशाळेत शिकवीत. घर चालवीत त्या त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळा घाट काकू म्हणे. मी शहरात नवी. भिंतीशी अंग चोरून बसले होते. एवढ्यात वरच्या मजल्यावरून एक किडकिडीत, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ जिना उतरून थेट बायकांत आले आणि प्रत्येकीपुढे कागदाची पुडी धरू लागले.

"चिमूटभर कुंकू टाका यात. तुमच्या घरचं. पर्समध्ये असेल ना?"

"घाबरू नका गं," काकू आतून ओरडल्या, "आमचे भाडेकरू आहेत. शास्त्रज्ञ आहेत. चावत नाहीत."

माझ्यापुढे येऊन त्यांनी पुडी धरली आणि विचारले, "सवेरपासून काय खाल्लंत?"

मी घाबरून खरे ते सांगितले. "एक वाटी पोहे. आणि अर्धा कप चहा."

"अर्धा? मोजला?"

"कप मोठा होता. म्हणजे नेहमीच्या कपाने पाऊण म्हणायला हवा."

त्यांनी पुडी खिशात घातली आणि माझ्याकडे नीट पाहिले. "गणित शिकलात?"

"एम.एस्सी. पण फार वर्षं झाली."

"मग इतकी वर्षं काय करत होता?"

"बदल्या," मी म्हणाले.

ते मोठ्याने हसले. त्या हसण्यात उपहास नव्हता. "उद्या वर या, गणितबाई. समीकरणं माझ्याकडे पुष्कळ आहेत, सोडवायला कुणी नाही." असा माझा प्रवेश झाला. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, हातात हळदीकुंकवाची ओटी घेऊन.

सरांचे आयुष्यभराचे काम वरवर साधे होते. एखादे रसायन शरीरात गेले, तर ते कुठे जाईल, कुठे किती थांबेल आणि जाताना काय करून जाईल, हे आधीच सांगता यावे म्हणून शरीराचे गणित मांडायचे. रक्त, यकृत, मूत्रपिंडे, चरबी, हाडे असा प्रत्येकाचा एक कप्पा. कप्प्यात किती येते आणि किती जाते याचे एक समीकरण. मग संगणकाने सगळी समीकरणे एकदम सोडवायची. पडद्यावर एक रेघ उमटे. रक्तातले प्रमाण दिवसागणिक कसे चढेल, कसे उतरेल, ते ती रेघ सांगे. विद्यापीठातली सारी नोकरी त्यांनी रेशीम रंगवणाऱ्या कारागिरांच्या श्वासातून काय आत जाते, याची रेघ काढण्यात घालवली. निवृत्तीनंतर काकूंच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, गंगेकडे पाठ आणि पडद्याकडे तोंड करून ते शिशाच्या मागे लागले होते. हळदीतले शिसे, कुंकवातले शिसे, भांड्यांच्या कल्हईतले शिसे.

हे शास्त्र त्यांनी मला पुस्तकातून शिकवले नाही. "लिव्हर म्हणजे आपला कोतवाल," ते सांगत. "शहरात कुणीही आलं, की आधी त्याच्याकडे हजेरी. बहुतेकांना तो तिथूनच परत पाठवतो. पण शिसं मोठं चालाख. ते हाडांत जाऊन बसतं. काशीवासाला आलेले म्हातारे पाहिलेत ना? आता दोन दिवसांचे सोबती म्हणून येतात आणि वीस वर्षं राहतात. तसं." दुसरे त्यांचे वाक्य असे, की शरीर विसरत नाही, फक्त उशीर करते. आणि तिसरे, जे मी माझ्या टेबलासमोर चिकटवले आहे: "रेघ आणि माणूस जुळले नाहीत तर शिकायचं. जुळले तर घाबरायचं."

"जुळल्यावर कशाला घाबरायचं?" मी एकदा विचारले.

"कारण मग आपण तपासणं सोडतो."

प्राण्यांवरच्या प्रयोगांपासून ते गणिताकडे कसे वळले, याची हकिगत ते सांगत तेव्हा काकूही पदराने डोळे पुसत हसत. विद्यार्थिदशेत त्यांच्याकडे प्रयोगाचे उंदीर सांभाळायला दिले होते. ओळखता यावेत म्हणून त्यांनी उंदरांना आपल्या मामांची नावे दिली. प्रयोगाच्या अखेरीस ते कापायचे होते. "आता सांगा, थोरल्या मामाला कसा कापणार? त्यानं मला सायकल दिली होती." त्यांनी कापले नाहीत. मार्गदर्शकांनी खूप बोलून घेतले आणि रागारागाने गणिताच्या कामावर बसवले. "मॉडेल कशासाठी असतं, गणितबाई? कुणाला पाजून पाहावं लागू नये म्हणून. ना उंदराला, ना माणसाला. पाजायचंच, तर साहेबांना पाजू या."

हे साहेब म्हणजे त्यांच्या संगणकातला माणूस. जगभरच्या अशा गणितांत एक प्रमाण मानलेले शरीर असते, सत्तर किलो वजनाचे. सर त्याला 'सत्तर किलोंचे साहेब' म्हणत आणि त्याच्याशी अदबीने वागत. "साहेबांना आज जरा हळद देऊ," म्हणत ते आकडा भरीत. साहेब कधी आजारी पडत नसत, तक्रार करीत नसत, त्यांना घाम फुटत नसे. काकू चहा घेऊन वर आल्या, की विचारीत, "तुमच्या साहेबांना साखर किती?"

बाहेर फिरायला निघाले, तरी सरांचे काम सुटत नसे. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत एक कचोरीवाला होता. सर दिसताच तो गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असे ओरडे, "का डागदर बाबू, आज कटोरी देखबा कि कचौड़ी खइबा?" सर शांतपणे उत्तर देत, "दुन्नो," म्हणजे दोन्ही. वर्तमानपत्रात कचोरी बांधू नये, त्याची शाई पोटात जाते, म्हणून त्यांनी त्याच्याशी दोन वर्षे वाद घातला होता. शेवटी तो पानांच्या द्रोणावर आला. पण का, तर म्हणे सरांचे भाषण सुरू झाले, की रांग मोडते. आपले म्हणणे पटले की कंटाळा आला, याची चौकशी सर करीत नसत. द्रोण आला, एवढे त्यांना पुरे होते.

आता ज्यासाठी मी हे लिहायला घेतले, तिकडे येते.

काकूंच्या सूनबाई शाळेत लहान मुलांना शिकवीत. मृदू, हसऱ्या, मराठीतून बोलता बोलता हिंदीत शिरणाऱ्या. लग्नाला सात वर्षे झाली होती आणि दोनदा, दिवस राहून, सगळे संपले होते. तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोलेनासे झाले. डॉक्टरीणबाईंनी शाळेतून रजा घ्यायला लावली. सरांनी आपण होऊन सुचवले, की रक्तातले शिसे एकदा तपासून घ्या. रिपोर्ट आला, तो असायला हवा त्याहून बराच वर होता.

रक्तातले शिसे नाळेतून बाळाकडे जाते. हे सरांनी काकूंना सांगितले तेव्हा मी तिथे होते. काकूंनी एकच विचारले, "कुठून येतंय ते सांगा. मी बाहेर काढते."

आणि ते कळेना. सरांनी ते घर अक्षरशः पालथे घातले. हळद बदलली, कुंकू बदलले, खिडक्यांचा जुना रंग खरवडून तपासला, नळाचे पाणी तपासले, स्वयंपाकघरातले प्रत्येक भांडे उलटे करून पाहिले. सूनबाई दिवसभरात काय खातात, हे मी रोज खाली जाऊन विचारून येई आणि आम्ही ते साहेबांना खाऊ घालीत असू. पडद्यावरची रेघ शांतपणे तळाशी पडून राही. तेवढ्या अन्नातून तेवढे शिसे रक्तात येणे शक्य नाही, असे ती सांगत होती. महिन्याने पुन्हा रक्त तपासले. आकडा उतरला नव्हता. किंचित चढला होता.

 त्या दिवसांत गंगेकडे पाठ करून बसणारा हा माणूस खिडकीत उभा राहून पाण्याकडे पाहू लागला. "गणितबाई," एकदा ते म्हणाले, "बत्तीस वर्षं मी रेघा काढल्या. त्या रंगाऱ्यांपैकी एकाचंही तोंड मला रोज जिन्यात दिसत नव्हतं. ही पोरगी रोज दिसते. 'सर, पता चला?' म्हणून विचारते."

त्यानंतर संकष्टी आली. मला संकष्टीचा उपवास असतो. सरांचा शिरस्ता असा, की सकाळी काम सुरू करण्यापूर्वी माझे आणि त्यांचे खाणे चाचणी म्हणून गणितात भरायचे. त्यांनी प्रश्न विचारला, मी म्हणाले, "आज काही नाही. संकष्टी आहे."

"छान," ते म्हणाले, "तुमचा हिशेब सोपा," आणि माझ्यापुढे शून्य भरले.

ते शून्य मला उगाच खटकले. का, ते सांगता येईना. मग नेहमीप्रमाणे खाली गेले. सूनबाई देवघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसल्या होत्या, शेजारी देवाचा पितळी गडू. कोणीतरी संकटमोचनचे पेढे आणले होते. मी एक पुढे केला.

"बाराच्या नंतर घेईन, ताई," त्या म्हणाल्या.

"बारा का?"

त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "आईंना सांगू नका, त्या रागावतील. मी नवस बोललेय. बाळ हातात येईपर्यंत दुपारी बारापर्यंत तीर्थाशिवाय काही नाही घेणार. आईंना वाटतं, मळमळतं म्हणून खात नाही. तसं मळमळतं पण, म्हणून तीर्थात थोडं लिंबू पिळते. हा गडूभर बारापर्यंत पुरतो. बस." आणि त्यांनी गडू उचलून वरून एक घोट घेतला.

मी रोज विचारीत आले होते, की काय खाल्लेत. त्यांनी रोज खरे सांगितले होते: वरण, भात, भाजी, दूध. कधी, हे मी विचारले नव्हते. तीर्थाचीही सरांनी एकदा गणना केली होती. साहेबांना पळीभर पाजून पाहिले होते आणि रेघ हलली नव्हती. पण ती पळी साहेबांनी भरल्या पोटी घेतली होती. आणि तो गडू? काकूंचे देवघर सोवळ्यातले. सर तिथे पाऊल टाकीत नसत. काशीतल्या यच्चयावत वाट्या पालथ्या करणाऱ्या माणसाने त्या घरातले हे एकच भांडे कधी हातात घेतले नव्हते.

मी जिना चढून वर गेले. आयुष्यात मी कोणाच्या कामात चूक दाखवली नव्हती. आणि ही तर सरांची. दारात उभी राहून म्हणाले, "सर, आपले साहेब उपवास करतात का?"

"काय?"

"ते नाश्ता करूनच येतात ना? रोज?"

सरांनी खुर्ची वळवली. मी सूनबाईंचे सगळे सांगितले, शेवटी चाचरत म्हणाले, "माझ्यापुढे शून्य भरलंत, तसं... पोट शून्य असतं, पण माणूस पाणी पीतच असतो की."

 सर कपाळावर हात मारून हसू लागले आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "मी काशीतल्या भिक्षुकाचा मुलगा! आमच्या आईनं आयुष्यात जेवणांपेक्षा उपवास जास्त केले. आणि माझा साहेब बत्तीस वर्षं टोस्ट-बटर खाऊन येतोय! साऱ्या शहराला विचारत फिरलो काय खाल्लंत, काय खाल्लंत. कधी नाही खाल्लंत, हे एकदाही नाही विचारलं."

रिकाम्या पोटी शिसे भरल्या पोटापेक्षा कैक पटींनी रक्तात शिरते. हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. ते त्यांच्या कपाटातल्या पुस्तकांत होते. फक्त त्यांच्या साहेबांना ते कधी लागू पडले नव्हते. आम्ही बसून गणित सुधारले. साहेबांचे वजन कमी केले, पोट रिकामे केले, लिंबू घातलेले पाणी गडूभर पाजले आणि गडूत शिसे असलेच तर किती असावे, याचा अंदाज धरला. रेघ तळापासून उठली आणि दोन्ही रिपोर्टांच्या ठिपक्यांना जवळजवळ स्पर्शून गेली.

मी आनंदाने काही बोलणार, तोच सर म्हणाले, "आता घाबरा. गडू तपासल्याशिवाय काही खरं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामघाटाने एक दृश्य पाहिले. आयुष्यात बादलीभर कोमट पाण्याशिवाय न नाहिलेले सर माघाच्या थंडीत गंगेत बुडी मारून, शास्त्रीबुवांचा रेशमी मुकटा नेसून, कुडकुडत पायऱ्या चढत होते. गुडघ्यापर्यंतच आलेला तो मुकटा दोन्ही हातांनी धरून ते देवघराच्या उंबऱ्यात उभे राहिले.

"हे काय सोंग?" काकूंनी विचारले.

"सोवळ्यात आलोय. गडू पाहायचाय. म्हणजे कसं आहे, काकू, देवाला अपाय व्हायचा नाही, देवाला काही लिव्हर नसतं, पण कल्हईवाला कथलात कधी कधी शिसं मिसळतो, आता दोष कुणाचाच नाही, परंपरा आपल्या जागी आहेच..."

"देवाला नाही, माझ्या सुनेला आहे ना लिव्हर?" काकूंनी गडूतले पाणी तुळशीत रिकामे केले आणि गडू त्यांच्या हातात दिला. "मग एवढं गोल गोल काय बोलता? मी काय पूर्वजांच्या अस्थी देतेय? घ्या. आणि ते वस्त्र बदला आधी. निमोनिया होईल."

सरांनी गडू पालथा केला. आतली कल्हई तळाशी लिंबाने खाल्ली जाऊन काळपट झाली होती. तपासणीत जे निघाले, ते आमच्या अंदाजाहूनही जास्त होते.

इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. गडू गेला, स्टीलचा तांब्या आला. पण नवसाची गोष्ट घरात कळल्यावरही सूनबाई तो सोडायला तयार होईनात. सरांचे म्हणणे होते, की हाडांत जे साचले आहे, ते गरोदरपणात परत रक्तात उतरते. वेळेवर अन्न आणि दूध पोटात गेले, तर ते जरा तरी आवरते. काकूंनी शास्त्र सांगितले, की गर्भारणीला उपवास नसतोच. शास्त्रीबुवांनी वचन वाचून दाखवले. सूनबाई खाली मान घालून ऐकत राहिल्या आणि मग सरांकडे पाहून म्हणाल्या, "सर, दोन वेळा मी सगळं टाइमवर खाल्लं होतं. या वेळी नवस आहे आणि बाळ अजून आहे. मी तो मोडला आणि काही झालं, तर तुमचं मॉडेल मला परत आणून देईल?"

 सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 

"नाही देणार," ते म्हणाले. मग शास्त्रीबुवांकडे वळले. "एकाचा नवस दुसऱ्यानं पाळला तर चालतो का?"

शास्त्रीबुवा विचारात पडले. "प्रतिनिधी नेमता येतो. अशक्त माणसाच्या वतीनं घरच्या माणसानं व्रत चालवावं, असं आहे. पण घरचा हवा."

"भाडेकरू घरचा का?"

"वीस वर्षं माझ्या भांड्यांना नावं ठेवताय," काकू म्हणाल्या, "परका माणूस एवढं धाडस करेल?"

"सर, तुम्ही?" सूनबाई चकित झाल्या. "तुमचा तर विश्वास पण नाही."

"माझा नाही, तुझा आहे ना, बेटा? उपाशी राहायला विश्वास लागत नाही. पोट लागतं. माझं मोकळंच आहे."

आणि सरांनी तो नवस घेतला. आयुष्यात ज्यांचा नाश्ता आठ वाजून पाच मिनिटांवर कधी गेला नव्हता, ते रोज दुपारी बारापर्यंत निव्वळ पाण्यावर राहू लागले. भुकेला माणूस किती चिडका होतो, हे त्या महिन्यांत मला कळले. अकरानंतर ते माझे प्रत्येक समीकरण चुकीचे ठरवीत आणि साडेबाराला सगळी बरोबर. एकदा काकूंनी चुकून अकराला चिवडा तळायला घेतला, तेव्हा ते रामघाटावरून चालत निघाले, ते अहिल्याबाई घाटापर्यंत गेले. वाटेत साऱ्या घाटाने त्यांना उलटा प्रश्न केला. कचोरीवाला तर रोज हाक मारी, "का बाबू, सबेरे से का खइला?" सर म्हणत, "हवा."

मात्र खाली सूनबाई आठ वाजता जेवू लागल्या. आठ वाजून पाच मिनिटांनी जिन्यातून वर हाक येई, "सर, खाल्लं मी!" आणि सर रिकाम्या पोटी पडद्याकडे पाहत म्हणत, "शाबास."

पुढच्या तपासणीत आकडा उतरला. त्याच्या पुढच्या वेळी आणखी उतरला, रेघेच्या जवळून, पण अगदी तिच्यावर नाही. सर त्या फरकावर बेहद्द खूश होते. "पाहिलंत? माणूस आहे. साहेब नाही."

श्रावणात मुलगी झाली. रडली, ती इस्पितळाच्या सगळ्या मजल्यांवर ऐकू गेली म्हणे. नाळेतल्या रक्ताचा रिपोर्ट डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन करून सांगितला: काळजीचे कारण नाही. मी पेढे घेऊन वर गेले. सकाळचे दहा वाजले होते. सरांनी पेढा बाजूला ठेवला.

"आता कशाला, सर? झाला ना नवस पुरा?"

"नवसात शब्द आहेत 'हातात येईपर्यंत'. सोयर आहे. काकू मला बाळाच्या जवळ फिरकू देत नाहीत. माझ्या हातात अजून कुठं आलंय?"

म्हणून बारशापर्यंत त्यांनी नवस चालवला.

बारशाच्या सकाळी घर भरले होते. सर नवे धोतर नेसून एका कोपऱ्यात उभे होते. इतक्या बायकांत कुंकवाची पुडी न काढता उभे असलेले मी त्यांना प्रथमच पाहिले. पाळणा झाला, कानात कुर्र झाले, नाव ठेवले. मग सूनबाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि त्यांनी ते बोचके सरांच्या हातांवर ठेवले. सरांनी ते दोन्ही तळव्यांवर, काचेचे पात्र धरावे तसे धरले. कोपर हलू दिले नाही. बराच वेळ पाहून हळूच म्हणाले, "साहेबांपेक्षा बरीच हलकी आहे."

"घाबरलात का, सर?" मी विचारले.

"फार," ते म्हणाले.

काकूंनी बाळ त्यांच्या हातून घेतले, त्यांना पाटावर बसवले आणि कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

"सवेरपासून काय खाल्लंत?"

"काही नाही."

"मग बसा नीट."

पान आले. पानात नवी कोरी स्टीलची वाटी होती, मुद्दाम सरळ ठेवलेली. आजूबाजूच्या बायका एकमेकींना कोपरखळ्या देऊ लागल्या. सरांनी, सवयीने, ती उचलून पालथी केली; आणि तशीच हातात धरून राहिले.

भांड्यावर नाव घालायचे, तर आपण ते कडेला घालतो. काकूंनी ते बुडाला घालून घेतले होते. बाळाचे नवे नाव, आणि त्याखाली दोनच शब्द: निर्धास्त खा.

"कडेला घातलं असतं, तर तुम्ही वाचलंच नसतं," काकू म्हणाल्या.

सरांनी वाटी सरळ केली. नखाने खरवडून पाहिली नाही. दोन्ही हातांनी ती काकूंपुढे धरली आणि म्हणाले, "वाढा."